शून्यापासून की एकपासून

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गावच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचे. दहावीनंतर त्या घरी आल्या होत्या. वडील म्हणाले, "बाई, आमच्यात कोनी कालेजात गेला नाय. शिकून ह्यो करंल काय?"

"न शिकता काय करेल, ते तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. वडिलांनी मला पनवेलच्या कॉलेजात घातलं.

पदवीनंतर तिथेच एस.टी. स्टँडमागच्या एका छोट्या संगणक कंपनीत लागलो. कायम झालो नव्हतो. आमचा एक टेक्स्ट एडिटर होता, म्हणजे संगणकावर मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. त्यात फंक्शन्स वापरून लोक आपापली छोटी कामं आपोआप करून घेत: ओळ शोधणं, ओळ पुसणं. ही फंक्शन्स समजावणारं इंग्रजी पुस्तक नव्या व्हर्जनसाठी सुधारायचं काम माझ्याकडे आलं.

"व्हर्जनचा आकडा बदल, नवीन फंक्शन्स शेवटी जोड. बुधवारी छपाईला जायचंय," साहेब म्हणाले.

मी मात्र पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण संगणकावर चालवून बघायचं ठरवलं. ओळ पुसायच्या फंक्शनपाशी अडलो. पुस्तकाप्रमाणे दुसरी ओळ पुसायला एक हा आकडा द्यायचा, कारण मोजणी शून्यापासून. मी एक दिला आणि पहिलीच ओळ गेली. नव्या व्हर्जनमध्ये मोजणी एकपासून होती.

एडिटर लिहिणारा आमचा सीनियर हसला. "अरे, ते सगळ्यांना माहीत आहे."

"तळोज्यात कोणाला माहीत आहे?"

तळोज्याचा एक केमिकल कारखाना आमच्या एडिटरवर पिंपांवरची लेबलं छापायचा. पहिल्या ओळीत रसायनाचं नाव, दुसरीत जुनी तारीख. पुस्तक बघून कोणी तारीख पुसायला गेलं असतं, तर नावच गेलं असतं.

"आले आमचे हेडमास्तर! पुस्तक वाचतो कोण? लोक फोन करतात," सीनियर म्हणाला.

आमचं ऐकून साहेबांनी मधला मार्ग काढला. "शेवटी शुद्धिपत्र चिकटवू."

"शुद्धिपत्र शेवटच्या पानावर असतं, साहेब. लेबल आधी लागतं."

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "बुधवारपर्यंत जमलं तर कर. नाही तर आहे तसंच जाईल."

ओळीचा आकडा घेणारं प्रत्येक फंक्शन मी पुन्हा चालवलं. वीज गेली की छापील कागदांवर पेन्सिलीने दुरुस्त्या करायच्या, आली की तपासायच्या. मंगळवारी एक फंक्शन अजूनही शून्यापासूनच मोजताना सापडलं. मी सीनियरला बोलावलं. त्याने दोनदा चालवून पाहिलं.

"च्यायला, हे माझंच राहिलंय," तो म्हणाला आणि कोड दुरुस्त करायला बसला. उरलेली पानं मग आम्ही दोघांनी वाटून घेतली.

त्या आठवड्यात बाईंना लिहिलेलं पत्र असं:

"बाई, नमस्कार. पुस्तक बुधवारी दुपारी छपाईला गेलं. त्यावर कोणाचंच नाव नाही. मला कायम करणार की नाही, ते अजून कळलेलं नाही, पण पुढच्या व्हर्जनचं पुस्तकही साहेबांनी माझ्याकडेच दिलंय. सोबत आमच्या प्रिंटरवरची प्रत पाठवतो आहे. तुम्हाला संगणक लागणार नाही. जे वाक्य दोनदा वाचावं लागेल, तिथे फक्त खूण करा. तेवढी सगळी वाक्यं मी पुन्हा लिहिणार आहे."