शेवटी उरलेली ओळ

पेपर सुटला तशी ती धावत फाटकापाशी आली. बोटांना निळी शाई लागलेली, वेण्या अर्ध्या सुटलेल्या. माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन तिने घटाघटा अर्धी संपवली आणि तोंड पुसत म्हणाली, "बाई, शेवटाला येकच ओळ उरली."

आनंदाने म्हणाली. मीही "शाब्बास" म्हणून बसले. देवरूखच्या त्या हायस्कुलाच्या आवारात पालकांची झुंबड होती, कुणी पोरांना वडापाव भरवत होतं, कुणी प्रश्न विचारून त्यांचा जीव खात होतं. दोन पावलं चालल्यावर मला तिच्या बोलण्याचा अर्थ लागला आणि मी जागच्या जागी थांबले.

शेवटाला ओळ उरायलाच नको होती.

हे नीट सांगायला हवं, कारण चूक तिची नव्हती. मी घाटावरची. बदलीच्या अर्जांवर अर्ज करत संगमेश्वर तालुक्यातल्या एका आतल्या गावात दोनशिक्षकी शाळेवर बरीच वर्षं काढली. दरवर्षी वरून कागद यायचा, शाळेतल्या प्रज्ञावान विद्यार्थ्यांची नावं कळवा. प्रज्ञा कशी ओळखायची ते त्या कागदात कधी नसायचं, फक्त नावं परवापर्यंत हवी असायची. मी चिडून केंद्रप्रमुखांना म्हणायचे की आंबा पिकला की नाही हेसुद्धा तुम्ही हुंगून बघता, आणि पोर हुशार आहे की नाही ते रकान्यावरून ठरवता. ते हसायचे आणि परवाची आठवण करून द्यायचे.

या पोरीचं नाव मात्र मी आनंदाने लिहिलं होतं. शाळेच्या आवाराचा गडगा पावसात कोसळला होता, तो चिऱ्यांनी नव्याने बांधायचं काम चालू होतं. मधल्या सुट्टीत ही गवंड्याच्या शेजारी उभी राहून बघत होती. तो म्हणाला, अजून एक गाडी चिरा मागवायला हवा. ही म्हणाली, "नको काका, सतरा चिरे उरतील." गवंडी खो खो हसला. आहे त्या चिऱ्यांतच काम संपलं आणि सतरा उरले. त्या दिवशी वर्गात तिच्याकडे बघताना मला थोडी भीतीच वाटली होती. एवढं डोकं आपल्या हातात आलंय आणि आपण ते वाया घालवलं तर?

पाचवीनंतर जिल्ह्यातल्या सरकारी निवासी शाळेत परीक्षा घेऊन मुलं निवडतात. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथलंच. तिचा बापूस मुंबईला, शिमगा-गणपतीला घरी यायचा. त्याने साफ सांगितलं होतं. नंबर लागला तर पोर तिथे शिकेल. नाही लागला तर जूनमध्ये मुंबईला आत्याकडे जाईल. आत्याला दोन लहान मुलं, ती दोघं नवरा-बायको कामावर. मुलं सांभाळता सांभाळता जमेल तशी शिकेल, असं त्याचं म्हणणं. तिची आई मला शाळेच्या पायरीवर बसून म्हणाली होती, "बाई, माजी पोर कुनाची पोरं राखायला नको जायला. तुमच्या हातात हाय."

माझ्या हातात होतं म्हणून मी जीव तोडून शिकवलं. त्या परीक्षेत उत्तरं लिहायची नसतात, प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल असतात, त्यातला एक पेनाने काळा करायचा. एकदा केला की खोडता येत नाही. सरावाला तसले छापील कागद हवेत, आणि झेरॉक्स तालुक्याला. म्हणून मी माझ्या हाताने चार-चार गोलांच्या ओळींचा एक कागद तयार केला आणि त्याच्या प्रती काढून आणल्या. ओळींपुढे क्रमांक घातले नाहीत, म्हणजे तोच कागद गणितालाही चालेल आणि भाषेलाही. मुलांनी क्रमांक आपले आपण घालायचे. आणि जो प्रश्न सोडला त्याच्यासाठी ओळ वाया घालवायची नाही, पुढच्या ओळीत पुढचा प्रश्न घ्यायचा. कागद पुरवायची ही माझी युक्ती. मला त्या युक्तीचं कौतुकही होतं.

महिनोन् महिने ती तसंच करत आली. येत नसेल ते सोड, पुढे जा, ओळ वाया घालवू नको.

एसटीत खिडकीशी बसवून मी तिला हळूच विचारलं, "ओळींपुढे नंबर छापलेले होते ना गं?"

"व्हते. पन आपन आपलेच घालतो ना? मी मनातल्या मनात घातले."

"एकच प्रश्न सोडलास?"

"येकच. बाकी समदे आले."

"कितवा सोडलास?"

तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. आकृत्यांचा होता म्हणाली, मग म्हणाली, नाही, उताऱ्यावरचा. शेवटी म्हणाली, आठवत नाही. प्रश्नपत्रिका तिथेच ठेवून घेतली होती. तो प्रश्न शेवटाकडचा असला तर दोन-चार उत्तरं चुकली, काही बिघडलं नाही. सुरुवातीचा असला तर त्याच्यापुढची सगळी बरोबर उत्तरं एकेक घर वर सरकून चुकीच्या प्रश्नाला जाऊन बसली होती. घाट उतरेपर्यंत ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मी समोरच्या सीटचा दांडा धरून बसले.

मी कुणाला सांगितलं नाही. निकाल लागेपर्यंत कशाला, असं स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की मी घाबरले होते. फोनवर शाळेच्या ग्रुपचा आवाज झाला की मी फोन पालथा घालायचे. तिची आई वाटेत दिसली की मी दुसऱ्या पाणंदीने जायचे. एकदा तिने गाठलंच आणि विचारलं, "लागंल ना नंबर?" मी म्हटलं, लागेल की, का नाही लागणार.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरते. भर दुपारी ती त्यांच्या अंगणात आली. बापूस मुंबईहून आला होता, आईने नवी साडी नेसली होती, आणि बाईंना बोलावणं होतंच. मानकऱ्याने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं. "आई, ह्या घरातली पोरगी परीक्षेला बसली हाय. तिला पुढं ने."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"तिच्या वाटंत कोन आडवा आला असंल, त्याला बाजूला कर."

देवाधर्माच्या बाबतीत मी तशी कोरडी. नवस-गाऱ्हाण्यांना आत्तापर्यंत मनातल्या मनात हसत आले होते. पण त्या अंगणात मला हसू आलं नाही. सगळ्यांची तोंडं उघडली, पोरीचंही. ती माझ्याकडे बघून हसत होती. मी गप्प राहिले असते तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. म्हणून मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा." जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

यादी फोनवर आली तेव्हा शाळा चालू होती. मी ती तीनदा वर-खाली केली. मग तिला ऑफिसात बोलावलं. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलंच. रडली नाही. थोडा वेळ टेबलाचा कोपरा बोटाने घासत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे मी हुशार नाय."

हे ऐकल्यावर मला बसवेना. कपाटातून सरावाचा कागद काढला, मागाहून मिळवलेला छापील उत्तरपत्रिकेचा नमुना शेजारी ठेवला. म्हटलं, बघ, इथे तू एक प्रश्न सोडलास. मी पुढचं बोलायच्या आधीच तिची नजर दोन्ही कागदांवरून एकदा फिरली. चिऱ्यांच्या वेळी फिरली होती तशीच.

"समदी येक घर वर गेली," ती म्हणाली.

"माझ्यामुळे गेली. मी शिकवलं तसं तू केलंस. तुझी उत्तरं बरोबर होती."

तिने सरावाचा कागद घडी करून माझ्या हातात दिला. "आयेला नका सांगू, बाई. ती तुमच्यावर लय रागावंल. मी सांगते, मला येत नव्हतं."

मी नको म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आईचा चेहरा, अंगण, ते गाऱ्हाणं, गावात उठणारी कुजबुज, बदलीच्या कागदावर येणारा शेरा, हे सगळं एका क्षणात समोर आलं आणि मी म्हटलं, "जा, वर्गात बस." दहा वर्षांची पोर निमूट वर्गात जाऊन बसली.

मे संपता संपता ती निघाली त्या दिवशी मी निरोपाला गेले. ओटीवर तिची बॅग बांधून ठेवली होती, आत्याच्या मुलांसाठी फणसाच्या साठांचं पुडकं वेगळं होतं. आईने मला चहा दिला, समोर बसली आणि पदराने डोळे टिपत म्हणाली, "तुमी लय मेहनत घेतलीत, बाई. आमच्याच पोरीच्या डोक्यात नव्हतं. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

पोरगी दारात उभी होती, चपलांकडे बघत. मला वाटलं, आता ती वर बघेल. तिने बघितलं नाही. मी चहा संपवला. आईने कुळथाच्या पिठाची पिशवी पुढे केली, आणि मी ती घेतली.