बारा फुटांची उडी

आमच्या घरात खरं बोलायचं काम आक्काकडं, उरलेलं सगळं माझ्याकडं. गडमुडशिंगीच्या विहिरीत मी मगर पाहिलेली आहे. मला बघून तीच पळाली, हेही लिहून ठेवतो.

त्यामुळं दाजींच्या कारखान्यातल्या अपघाताची हकिकत सांगायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. दाजी, म्हणजे आक्काचे मालक, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत प्रेस मशीनवर होते. शेजारच्या जोडीदाराचा हात मशीनमध्ये सापडला आणि मनगटापासून गेला. दाजींना खरचटलंही नव्हतं. पण घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसले ते बसलेच. ताट पुढं आलं की आधी स्वतःची बोटं मोजायचे.

आमच्याकडं कुणावर काही ओढवलं की सगळा गोतावळा भेटायला येतो, चहा घेतो आणि म्हणतो, "व्हय, पण झालं कसं? पहिल्यापास्नं सांगा की."

दाजी गप्प. मग मी सुरू. पहिल्या दिवशी दाजींनी पळत जाऊन मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी तीन फूट उडी मारून. आठवड्यात उडी बारा फुटांवर गेली, मशीन हत्तीएवढं झालं आणि जोडीदाराचा हात मी शाबूत करून टाकला.

"वाघ हाय की आमचा दाजी!" पाहुणे खूश. मला वाटायचं, औषध लागू पडतंय.

एकदा उडी ऐन हवेत असताना दाजी माझ्याकडं वळून बोलले.

"पावणं, मी हललो न्हाय."

"आँ?"

"मशीन बंद करायचं लाल बटण हाताखाली हुतं. त्यो माझं नाव घेऊन वरडत हुता. मी नुस्ता बघत हुबा ऱ्हायलो."

मग आत जाऊन त्यांनी कडी लावून घेतली. आक्का दाराला कपाळ टेकून हाका मारत राहिली. तासाभरानं कडी निघाली, तसा आक्कानं आणि मी दवाखाना गाठला.

शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा वेळी माणूस गोठतो. शरीर त्याला विचारून गोठत नाही. हे त्यांना पटायला वेळ लागेल. खोदून विचारू नका. बोलतील तेव्हा ऐका." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही फक्त ऐका."

"किती दिस?"

"लागतील तितके."

आता पाहुण्यांना आक्का दारातूनच वाटेला लावते. मी दर रविवारी दाजींशेजारी जाऊन बसतो. बहुतेक रविवार मुके जातात. परवा मात्र ताट पुढं आलं आणि ते म्हणाले, "त्याची हाक बंदच हुईना, पावणं."

मगर, हत्ती, बारा फूट, सगळं माझ्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. आक्का माझ्याकडं बघत होती.

"व्हय, दाजी," एवढंच म्हणालो.

त्यांनी बोटं मोजली. दहा. भाकरी गार होत होती. त्यांनी परत पहिल्या बोटापासून सुरुवात केली.