बलभीमची फुल फ्रेम

आमच्या लोहाऱ्यात बलभीमची ओळख करून द्यायची तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, त्याचा फोटो स्टुडिओ तहसील कचेरीसमोर आहे. दुसरी, तो ज्या कंपनीचा कॅमेरा घेतो ती कंपनी बुडते. ही दुसरी गोष्ट गावभर मीच पसरवली, हे आधीच कबूल करतो. माझं नाव शिवानंद. माझाही स्टुडिओ आहे, एसटी स्टँडला लागून, आणि धंद्यातल्या माणसाला दुसऱ्या धंदेवाल्याबद्दल चांगलं बोलवत नाही.

पण पसरवली म्हणजे ती खोटी होती असं नाही. रोलच्या जमान्यात आम्ही सगळे ज्या कॅमेऱ्यामागे धावत होतो तो सोडून बलभीमनं सोलापुरातून भलताच आणला. चांगला दणकट होता. तीन वर्षांत त्या कंपनीनं कॅमेरे बनवणंच सोडलं. मग डिजिटल आलं. बलभीमनं पुन्हा निराळीच कंपनी धरली आणि तिनं वर्षभरात कॅमेऱ्याचा धंदा दुसऱ्या कुणाला विकून टाकला. तिसऱ्या वेळी घेतलेलं मॉडेल तर इतकं गुपचूप बंद झालं, की चार्जर शोधायला त्याला पुण्यापर्यंत जावं लागलं. तेव्हा मी चहाच्या हॉटेलात म्हणालो, "कुठल्या कंपनीचे दिवस भरलेत ते बघायचं असंल तर बलभीमच्या गळ्यातला पट्टा वाचा." सगळे हसले. बलभीमही हसला. दोन महिन्यांनी वाशीच्या बाजारात एका अनोळखी माणसानं हाच किस्सा मला ऐकवला, तोही माझ्यापेक्षा रंगवून.

मोठ्या कंपनीचा कॅमेरा तो का घेत नसे? विचारलं की म्हणायचा, "सगळ्याच्या हातात त्येच. मग फोटो बी त्येच निघतेत." दुकानात गेला की कॅमेरा कानाजवळ धरून बटण दाबायचा आणि डोळे मिटून आवाज ऐकायचा. आपण टरबूज वाजवून घेतो तसा. आवाज पटला की कंपनी कुठली हे त्याच्या लेखी संपलं.

मग काही वर्षांपूर्वी फुल फ्रेमचं खूळ आलं. जुन्या रोलवर एक फोटो जेवढ्या जागेत उमटायचा तेवढाच मोठा सेन्सर, म्हणजे फुल फ्रेम. कमी उजेडातही फोटो स्वच्छ येतो आणि मागचं सगळं छान धूसर होतं. एवढं कळणारे तालुक्यात आम्ही चार फोटोग्राफर. पण सुपारी फोडायला बसलेला नवऱ्याचा मामासुद्धा विचारू लागला, "फुल फ्रेम हाय न्हवं?" साधा कॅमेरा आणला तर निम्म्याच वऱ्हाडाचा फोटो येईल, अशी त्याची समजूत. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, "कुठल्या कंपनीचा?"

माझ्याकडे, म्हाताऱ्या चन्नबसप्पांकडे आणि ड्रोन उडवणाऱ्या समर्थकडे एकाच मोठ्या कंपनीचे फुल फ्रेम कॅमेरे आले. बलभीमकडे फुल फ्रेम नव्हता. त्याची लग्नं एकेक करून आमच्याकडे आली आणि त्याच्याकडे राहिले पासपोर्ट फोटो आणि म्हशी. गंमत नाही, खरंच म्हशी. विमा उतरवायचा तर जनावराचा तारखेसकट फोटो लागतो, कानातला बिल्ला दिसेल असा. बलभीम मोटारसायकलवरून गोठ्यागोठ्यांत फिरायचा. त्याची बायको शिवकन्या अल्बम बनवण्यात इतकी तरबेज, की आमचेही अल्बम तिच्याच हातून गेलेले. ती आता स्टुडिओत बसून आधार कार्डाच्या झेरॉक्स काढत होती. बलभीम चन्नबसप्पांना म्हणाला होता, "ह्या सराईत एक बी लग्न न्हाय घावलं तर बोर्ड उतरवतो, अण्णा." चन्नबसप्पांनी ते मला सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो आणि त्याच दिवशी त्याच्या भावकीतलं एक लग्न घेतलं. त्या दिवसांतला मी कसा माणूस होतो ते यावरून समजून घ्या.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी बलभीम हॉटेलात आला, आमच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "म्या बी आता फुल फ्रेम घेतोय. लई झाली लहान कंपन्यांची भानगड. तुमचीच कंपनी घेणार हाय."

चन्नबसप्पांनी तोंडाला लावलेली बशी खाली ठेवली. समर्थनं आदल्याच आठवड्यात दोन लेन्स घेतल्या होत्या, त्याचा चेहरा उतरला. मी हसून म्हणालो, "घे की! चांगलं झालं." आणि घरी जाऊन कपाटातल्या माझ्या पाचही लेन्स बाहेर काढून पुसून ठेवल्या. मी अंधश्रद्ध माणूस नाही. आडवं मांजर गेलं तर मी मांजराला आधी जाऊ देतो, एवढंच. पण तीन कंपन्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या आणि चौथीवर माझं पोट होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या स्टुडिओत शिष्टमंडळ बनून गेलो. शिवकन्यावहिनी संगणकासमोर बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पडद्यात जास्तच डोकं घातलं.

"बलभीम," चन्नबसप्पा म्हणाले, "तू आमची कंपनी घेऊ नगंस, बाबा."

"का बरं, अण्णा?"

आता काय सांगणार? तीन शिकलेली माणसं, त्यांतला एक तर बी.एस्सी. शेवटी मीच म्हणालो, "तुला लहान कंपनीचाच शोभतोय. तुझी एक... येगळी नजर हाय."

"नजर हाय, पर गिऱ्हाईक पट्टा वाचतंय की." बलभीमनं निवांत पाय पसरले. "लहान कंपन्या बी फुल फ्रेम काढायल्यात आता. वाईट न्हायत, म्या सगळं वाचलंय. मोठ्या कंपनीला दरवर्षी नवं काढून जुनं इकायचं असतंय. लहानीला एकच इकायचंय, ती जीव ओतून करतीया. शिवाय त्या शहाण्या झाल्यात. दोघी-तिघींनी मिळून लेन्स बसवायचा माउंट एकच ठरवलाय. एकीची लेन्स दुसरीच्या बॉडीला बसती. तुमच्यासारखं न्हाय, एकमेकाला लाईटचा स्टँड बी न देणारं."

"मग घे की त्येच!" समर्थ घाईनं म्हणाला.

"घिऊन काय करू? म्हशी?"

हे मात्र त्यानं हसत म्हटलं नाही. मग मुद्द्यावर आला. माकणीच्या रस्त्याला इंद्रजितराव म्हणून मोठे बागायतदार, त्यांच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात होतं. त्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं, की फुल फ्रेम पाहिजे आणि नावाजलेल्या कंपनीचा पाहिजे. आम्ही तिघंही त्या लग्नावर टपून होतो. बलभीम म्हणाला, "तुमी तिघं जाऊन इंद्रजितरावाला सांगा, बलभीमचा कॅमेरा आमच्यापेक्षा चांगला हाय. मग म्या लहान कंपनीचा घेतो. न्हायतर तुमची कंपनी हायच."

पडद्याआड शिवकन्यावहिनींना खोकला आला.

तर आम्ही गेलो. इंद्रजितरावांच्या ओसरीवर बसून मी माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या, अजून न घेतलेल्या कॅमेऱ्याची अशी तारीफ केली की सांगता सोय नाही. धूळ आत जात नाही, पाऊस पडला तरी चालतो, रंग कसे खऱ्यासारखे येतात. समर्थनं मोबाईलवर वाचून दाखवलं. चन्नबसप्पांनी त्यात भर घातली, की हा कॅमेरा परदेशात मोठमोठे कलाकार वापरतात. हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. इंद्रजितराव म्हणाले, "तुमी तिघं दुसऱ्याचं नाव सांगायला आलाव म्हंजे माणूस खरंच भारी असणार."

बलभीमनं ते लग्न केलं. मीही जेवायला गेलो होतो, आणि खरं सांगतो, वाईट फोटो निघावेत अशी आशा मनात धरून गेलो होतो. हळदीच्या वेळी जनरेटर बंद पडला. मांडवात एक बॅटरीचा दिवा उरला. मी असतो तर दिवे येईपर्यंत पान खात बसलो असतो. बलभीम त्या एका दिव्यात नवऱ्याच्या आजीसमोर, सारजाबाईंसमोर, गुडघ्यावर बसला. त्या नातवाच्या गालाला हळद लावत होत्या. तो फोटो मी नंतर पाहिला. सारजाबाईंच्या हाताची शीर न् शीर, नखात अडकलेली हळद, आणि मागचा सगळा गोंधळ धूसर होऊन गेलेला. मला हेवा वाटला. आणि हेव्याच्या पोटात आनंदही होता, तो मी कुणाला दिसू दिला नाही.

त्यानंतर बलभीमची डायरी भरायला लागली. लोक मला विचारायचे, आणि इंद्रजितरावांपुढं एवढी तारीफ करून बसल्यामुळे मलाही त्याचंच नाव सांगावं लागायचं. पुढं पुढं तर मी सवयीनंच सांगू लागलो.

जानेवारीत भावाच्या गाईचा विमा होता म्हणून मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. टेबलावर जुन्या कागदांची चळत होती आणि वरच एका म्हशीचा फोटो. असला फोटो मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पापण्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ, कानातला बिल्ला लख्ख, आणि मागचा गोठा, शेण, वैरण सगळं मऊ धूसर. नवरीचा असता तर मोठा करून भिंतीला लावला असता. खाली तारीख होती. आम्ही शिष्टमंडळ बनून गेलो होतो त्याच्या बरोबर पाच आठवडे आधीची.

मी तडक त्याच्या स्टुडिओत गेलो आणि फोटो काउंटरवर आपटला. "ही म्हैस कुठल्या कॅमेऱ्यावर काढलीस?"

बलभीमनं म्हशीकडे प्रेमानं पाहिलं. "ह्याच की. गणपतीतच आला व्हता. वापरून बघायला म्हशीच गावल्या."

"म्हंजे आमची कंपनी घेणार व्हतास ते..."

"कवाच न्हाय. तिचा आवाज कानाला बरा लागत न्हाय."

वहिनी आता उघड हसत होत्या. मी तोंडाला येईल ते बोललो. लबाड म्हणालो, फसव्या म्हणालो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "शिवानंद, तू माझ्यावर वीस वरसं हसलास. म्या बी संगं हसलो, कारण रडून दाखवलं असतं तर तू त्ये बी वाशीच्या बाजारात सांगितलं असतंस. माझ्या पोराला शाळंत बुडव्याचा पोरगा म्हणत्यात. म्या तुला एक दिवस भ्या दाखवलं. कंपनी बुडंल का म्हणून तुला एक दिवस झोप आली न्हाय, तर तू माझ्या दारात आलास. मला किती दिवस झोप न्हाय, इचारलंस का कवा?"

मला लाज वाटली. मी म्हशीचा फोटो उचलला आणि घरी आलो.

मग माझ्या हर्षालीचं लग्न ठरलं. फोटोग्राफर बापाला स्वतःच्या लेकीच्या लग्नात फोटो काढता येत नाहीत. त्याला रडायचं असतं, पाहुणे बघायचे असतात. आमच्या पुरोहित जंगमांनी वैशाखातली तारीख काढली, व्याह्यांनी उमरग्यात पत्रिका छापूनही घेतल्या. मी बलभीमकडे गेलो. त्यानं डायरी उघडली आणि माझ्याकडे फिरवली. त्या दिवशी सोनारी गावातलं लग्न होतं.

"तुमीच धाडलेलं पाव्हणं हायत, भावजी," शिवकन्यावहिनी म्हणाल्या.

"त्येंना दुसरं कुणी बघून दे की."

"शब्द दिलाय, शिवानंद. त्याच हप्त्यात बुधवारी असतं तर आलो असतो, पर तुझी तारीख दोन दिस आधी हाय. समर्थला सांग. त्याच्याकडं ड्रोन बी हाय."

मी घरी येऊन समर्थचं नाव काढलं. हर्षालीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईनं तर स्वयंपाकघरातून भांड्यांनीच उत्तर दिलं. मी जंगमांकडे गेलो. त्या बुधवारीही मुहूर्त होता. मग उमरग्याला जाऊन व्याह्यांपुढं हात जोडले. ते भले गृहस्थ, म्हणाले तारीख सरकवू, पण पत्रिका आता पुन्हा छापायला वेळ नाही, तुम्हीच दुरुस्त करा.

मी दोनशे पत्रिकांवर तारीख खोडून पेनानं नवी लिहिली आणि दारोदार वाटत फिरलो. प्रत्येक उंबऱ्यावर एकच प्रश्न, तारीख का बदलली? कुणी मेलं का? मुहूर्तात दोष निघाला का? मला शंभर थापा मारता आल्या असत्या, तो माझा हातखंडा. मारल्या नाहीत. हॉटेलात चन्नबसप्पांच्या हातात पत्रिका देताना सगळ्यांसमोर खरं कारण मोठ्यानं सांगितलं. लोक हसले, पण या वेळी माझ्यावर.

शेवटची पत्रिका बलभीमची. त्यानं खोडलेल्या तारखेवर बोट ठेवलं.

"लोकांनी इचारलं असंल की, का बदलली म्हणून."

"इचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"खरं त्येच. बलभीम त्या दिवशी मोकळा न्हाय."

बलभीमनं काउंटरवरची काच थोडी उचलली, खालचे पासपोर्ट फोटोंचे नमुने बाजूला सारले आणि पत्रिका तिथं सरकवली, खोडलेली तारीख गिऱ्हाइकाला सरळ वाचता येईल अशी. मी ती तशीच राहू दिली.