दुसरी बाटली

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण—ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस मागच्या महिन्यात गेला.

इथे अमेरिकेत, शुगर लँडला, आमच्या गल्लीत दिदिये राहतात, काँगोचे. दर शनिवारी दुपारी त्यांच्या गराजमध्ये पाच म्हातारे जमायचे आणि आपल्या तरुणपणीचा रुंबा, त्यांच्याकडचं नाचाचं संगीत, वाजवायचे. जुन्या पद्धतीचा—विजेची गिटार नाही, ड्रम नाही. साध्या लाकडी गिटारी, गळे, आणि ठेक्याला एक काचेची बाटली नि चमचा. त्या उकाड्यात पंखासुद्धा बंद, आवाज होतो म्हणून! बोटं तारांवर फिरायला लागली की त्यांचा संधिवात कुठे पळायचा, कोण जाणे.

बाटली वाजवायचे पापा ओनोरे. वडीलधाऱ्यांना ते लोक पापा म्हणतात; मी झालो पापा इंडिया. इतका हलका हात मी दुसरा पाहिला नाही—आणि मी तीस वर्षं तबला वाजवलाय. त्यांनीच मला दुसरी बाटली देऊन शेजारी बसवलं, शिकवलं. त्यांच्या ठेक्यात एक जागा मुद्दाम रिकामी सोडतात. तिथे नाचणाऱ्याचं पाऊल पडायचं असतं. तबलजीला हे सोसतं का? आमचा हात समेवर पडल्याशिवाय राहत नाही.

सहा वर्षांपूर्वी त्या सगळ्यांनी अल्बम करायचं ठरवलं. सगळ्यांच्या मधोमध एकच माईक. गाणं रंगात आलं, मी डोळे मिटले, आणि—नेमक्या त्या रिकाम्या जागेवर टण्णकन टोला. तीन टेक झाले, तीनही वेळा तेच. दोन बाटल्यांतली कुठली, ते ऐकून कळायला मार्ग नव्हता.

दिदियेंनी ओनोरेंकडे पाहिलं. "काय पापा, चमचा आता सूपलाच ठेवायचा का?"

सगळे हसले. मीही हसलो.

ओनोरे स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली बाटली माझ्यापुढे सरकवली. "माझे हात गेले. तू वाजव."

मी काय केलं? घेतली. चौथा टेक एकट्यानं वाजवला, घाबरून, डोळे सताड उघडे ठेवून—बरोबर आला. झालं! सगळ्यांची खात्रीच पटली. त्यांचीसुद्धा.

तो टोला माझा होता. तीनही वेळा. मला तेव्हाच माहीत होतं.

अल्बमवर माझं नाव आहे, त्यांचं नाही.

ओनोरेंनी पुन्हा बाटलीला हात लावला नाही. पण शनिवार चुकवला नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, हात मांडीवर पालथे. आम्ही वाजवायला लागलो की त्यांचा उजवा पाय हलायचा. ती रिकामी जागा आली की अलगद तिथे टेकायचा.

सहा वर्षांत तो पाय एकदाही चुकला नाही. मी समोरच बसलेलो असायचो.