मटण उभं कापायला सांगितलं ते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आठ वर्षं झाली — तोंडापर्यंत येतं आणि मी गिळते. आज गिळणार नाही.

विजापूर रोडला आमची चायनीजची गाडी आहे. नूडल्स काय, मंच्युरियन काय, सगळेच करतात. आमच्याकडे लोक येतात ते मटण चिलीसाठी. मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परतलेलं मटण, आणि तरी इतकं मऊ कसं, असं विचारतात. मी आपली हसून म्हणते, हाताचा गुण. कसला गुण घेऊन बसलात? चिमूटभर खायचा सोडा लावून अर्धा तास ठेवायचं, स्वच्छ धुवायचं, मग अंड्यातलं पांढरं आणि कॉर्नफ्लॉवर चोळायचं. पण त्याच्याही आधी — कापताना सुरी धाग्याला आडवी चालवायची. मटणाला धागा असतो, कापडासारखा. आडवं कापलं की तो तुटतो. उभं कापलं तर लांबच्या लांब राहतो आणि चावता चाववत नाही.

मंगल माझी धाकटी जाऊ. माहेर सांगोल्याकडचं, शेळ्या-मेंढ्यांचं घर. दिराचं काम सुटलं तेव्हा दोघांनी ते राहतात तिथे, कुंभारी गावात, स्वतःची गाडी टाकायची ठरवली, आणि मंगल आठ दिवस माझ्याकडे शिकायला आली. पहिल्याच दिवशी तिने मटणाचा तुकडा हातात घेतला, अंगठ्याने धागा चाचपला, तुकडा फिरवला — आणि मला धडकी भरली. मला जे शिकायला वर्ष लागलं होतं, ते हिच्या बोटांना आधीच ठाऊक होतं. तरी तिने विचारलं, कारण ती मला मानत होती.

"आक्का, आडवं कापू न्हवं? आमच्यात आडवंच कापत्यात."

मी काय म्हणाले असेन?

"चायनीज हाय हे, मंगल. उभंच कापायचं. लांब पट्ट्या दिसाय पायजेत."

तिने तुकडा परत फिरवला. उभी सुरी लावली. सोड्याचं तर मी नावच काढलं नाही. गाडीवर विकायचं मटण मी ती यायच्या आधी घरीच आडवं कापून, सोडा लावून आणायची; तिच्या हाती दिलेले तुकडे नुसते सरावाचे.

का केलं? कुंभारीचं गिऱ्हाईक काही माझ्या गाडीवर येत नव्हतं. पण सासरी माझं कौतुक होतं ते एवढ्या एकाच गोष्टीचं, आणि त्यात मला वाटेकरीण नको होती. एवढं हलकं कारण.

कुंभारीची गाडी तीन महिने चालली. मटण हाय का चामडं, असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. ती माझ्याकडे येऊन रडली — आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असतंय एकेकीच्या हाताला, नसतंय एकेकीच्या." हे मला त्या खोट्यापेक्षा जास्त छळतं. आता ती युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करते.

गेल्या महिन्यात तिच्या पोरीची सुपारी फुटली. पाहुण्यांना मटण होतं. मंगल स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीच्या कार्यात, पातेल्याजवळ आली नाही. कांदा चिरत लांब बसली. विहीणबाईंना म्हणाली, "माझा हात नगं लागाय. आक्का करत्याल." आणि मी उठले. पदर खोचला. केलं. सगळ्यांनी वाहवा केली, त्यात मंगलही होती.

येत्या रविवारी मी कुंभारीला जाणार आहे. घरचे सगळे असतील, नवी विहीणही असेल. असू दे. आपला हातच वाईट, हे तिच्या मनात सगळ्यांसमोर बसलं, तर सगळ्यांसमोरच सांगायला हवं. ती मला घराबाहेर काढेल, किंवा काहीच बोलणार नाही. मी माफी मागायला जात नाही. माफी मागितली की ती द्यायचं ओझं पुन्हा तिच्यावरच.

मला फक्त एवढंच बोलायचं आहे. मंगल, तुझा हात चांगला होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.