सदतिसावं नाव

तिकडे जयपूरच्या बाजूच्या डांगपुऱ्यातल्या पतासीला पंचायतीचा सचिव पाठीमागे ‘वकीलीणबाई’ म्हणायचा. समोर आली की मात्र, “बहनजी, चहा घेणार ना?” आठवी शिकलेली, चाळिशीला टेकलेली ही बाई फायलींची पिशवी घेऊन दारात उभी राहिली, की भल्याभल्यांच्या कपाटांच्या किल्ल्या हरवत. तिनं तिथंच बैठक मारली, की तासाभरात सापडत.

काम सांगायला सोपं होतं. सरकारनं गरिबाला काय देतो म्हणून सांगितलं आणि त्याच्या हातात काय पडलं, ते गावोगाव फिरून ताडून बघायचं. मग जनसुनावणी लावायची. शाळेच्या पटांगणात मांडव, एका बाजूला अधिकारी, समोर गाव, मधे माईक. यादीतलं एकेक नाव पुकारायचं, ज्याचं नाव त्यानं उभं राहून आपलं गाऱ्हाणं मांडायचं, साहेबानं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं आणि कारकुनानं ते लिहून घ्यायचं. या कामासाठी संघटना उभी करणाऱ्या घनश्याम मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पतासी, माईकवर जे बोललं गेलं ते झालं. बाकीचं साहेबाच्या जीपमध्ये बसून परत जातं.” हे तिनं पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

त्या वर्षीची यादी एकसष्ट माणसांची होती. सगळे दगडाच्या खाणीतले. लाल दगड फोडता फोडता त्याची भुकटी छातीत जाऊन बसते, आणि चाळिशीच्या आत माणूस दोन पायऱ्या चढला की खाली बसतो. कित्येक वर्षं सरकारी दवाखाना याला टीबी म्हणायचा. टीबी म्हटलं की दोष माणसाचा. बिडी ओढली असशील, दारू प्यायला असशील. गोळ्या देऊन घरी पाठवलं की संपलं. धुळीचा रोग म्हटलं, तर मग खाण कुणाची, परवाना कुणी दिला, तोंडाला बांधायची पट्टी कुणी दिली नाही, असे प्रश्न निघतात. ते कुणाला हवे असतात?

लोकांनी रस्ते अडवले तेव्हा कुठे सरकारनं मान्य केलं, की डॉक्टरांचं मंडळ छातीचे फोटो बघेल आणि रोगाचं खरं नाव लिहून दाखला देईल. दाखल्यावर श्वासाचं यंत्र घरी मिळणार होतं, मागे राहिलेल्या बाईला आधार मिळणार होता. पण खरी गोष्ट अशी, की त्या माणसांना तो कागदच हवा होता. मरण्याआधी एकदा सरकारनं कबूल करावं, की बाबा, तुझी चूक नव्हती. एकसष्ट जणांचे अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत चौदा महिने पडून होते. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. इथे सहा महिन्यांत माणसंच संपत होती.

यादीतलं सदतिसावं नाव पतासीच्या थोरल्या दिराचं, जेठजींचं होतं. रामखिलाडी. हे नाव आपण घ्यायचं, तिनं नाही. पतासीनं ते बावीस वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं. सासऱ्याचं, नवऱ्याचं आणि थोरल्या दिराचं नाव घरच्या सुनेनं घ्यायचं नाही, म्हणजे नाही. आपल्याकडे निदान उखाण्यात तरी नवऱ्याचं नाव निघतं. तिथे तीही पळवाट नाही. तिचा मुलगा क्रिकेटमध्ये बक्षीस घेऊन आला तेव्हासुद्धा ती ‘चांगला खेळणारा आहे’ म्हणाली. ‘खिलाडी’ हा शब्दच तिनं जिभेवरून उतरवून ठेवला होता.

एका अंगणात बावीस वर्षं राहून जेठजी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि तिनं त्यांचा चेहरा सरळ पाहिला नव्हता. ते अंगणात येताना खाकरायचे, ती घुंघट ओढायची. गेली तीन वर्षं ते फारच खाकरायला लागले होते, आणि ती तितक्याच वेळा घुंघट ओढत राहिली. ती खाकर नसून खोकला आहे हे कळायला तिला उशीर लागला. बाहेर साठ घरांत जाऊन ‘खोकला कधीपासून?’ विचारणारी बाई!

बोलायचं झालं तर जेठजी म्हशीशी बोलायचे. पतासी संघटनेत जायचं म्हणाली तेव्हा घरात रण माजलं होतं. नवरा जयपूरला फरशी बसवायच्या कामावर, त्याचा फोनवरून नकार. सासू अन्न सोडून बसलेली. तेव्हा जेठजी गोठ्यात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हशीला म्हणाले, “काय गं, शिकलेल्या सुनेनं जर जन्मभर शेणच थापायचं असेल, तर शिकवणाऱ्यानं झक मारली म्हणायची! जाऊ दे तिला. दूध मी काढतो.” म्हैस काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पतासी मास्तरांकडे गेली, आणि त्या दिवसापासून दूध जेठजी काढायचे.

गंमत म्हणजे दुसऱ्या गावांत नावं घ्यायला हीच बायकांना शिकवायची. एका सुनावणीत एका बाईनं नवऱ्याचं नाव विचारल्यावर नुसतं आभाळाकडे बोट केलं. नवरा सूरजमल. साहेब बिचारा वर बघत राहिला. तेव्हा पतासी तिच्यावर तडकली होती, “नाव घे बाई! घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होत नाही, न घेतल्यानं कागद मात्र अडतो.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पण ती गावं परकी होती. तिथे ती डोक्यावर नुसता पदर घेऊन हिंडायची.

या वेळची सुनावणी डांगपुऱ्यातच ठरली. पतासीनं आदल्या दिवशीच मास्तरांना सांगितलं, “सगळी यादी मी वाचते. सदतीस नंबर तेवढा तुम्ही वाचा.”

“का? तिथे काय काटा आहे?” मास्तर म्हणाले, मग त्यांच्या लक्षात आलं. “बरं बरं. वाचतो मी.”

साहेब दोन तास उशिरा आले. ऊन डोक्यावर आलेलं. पतासीनं घुंघटातूनच माईक धरला आणि वाचायला लागली. नाव पुकारलं जाई, माणूस बायकोच्या नाहीतर भावाच्या आधाराने उभा राही, फोटोचं पाकीट वर करी. साहेब म्हणत, “पंधरा दिवसांत मंडळापुढे बोलवा.” कारकून लिहून घेई. काम असं चाललं होतं, की मांडवात पहिल्यांदा लोक हसायला लागले होते.

जेठजी मागे लिंबाखाली पुरुषांत बसले होते. धुतलेलं धोतर, नवा साफा, मांडीवर पाकीट. छत्तीस नंबर झाला तसे ते हाताचा टेकू देऊन अर्धे उठले.

पतासीनं मास्तरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाठ करून साहेबांच्या टेबलावर वाकले होते, कुणाचातरी फोटो दाखवत वाद घालत होते. तिनं हाक मारली, ती माईकच्या खरखरीत विरली. पुढच्या रांगेत चुलत सासरे हुक्का धरून बसलेले, शेजारी आळीतले सगळे म्हातारे. कागदावर ते नाव होतं. तिनंच आपल्या अक्षरात लिहिलं होतं. लिहिताना हात अडखळला नव्हता, जीभ मात्र टाळूला चिकटली.

“पुढे, पुढे!” साहेब घड्याळ बघत म्हणाले. “थांबलात का?”

“अडतीस,” पतासी म्हणाली, आणि अडतिसावं नाव वाचलं. शेवटी मास्तरांकडून हे नाव वाचून घेऊ, असा तिनं मनाशी हिशेब केला. जेठजी खाली बसले.

शेवटचं नाव झालं तेव्हा टाळ्या, घोषणा, ढोल. साहेब सही करून उठलेच. पतासीनं मास्तरांची बाही ओढली, मास्तर धावले, “साहेब, एक नाव राहिलं!” जीपमध्ये एक पाय ठेवून साहेब म्हणाले, “एकच ना? ऑफिसात लिहून द्या.” आणि धूळ उडवत गेले.

घरी आल्यावर पतासी चुलीपुढे बसली. बाहेर जेठजी खाकरले, म्हणजे खोकले, आणि बराच वेळ खोकत राहिले. मग गोठ्याकडे तोंड करून म्हणाले, “चारचौघांत नाव घेण्याची वेळ आली, पण पोरीनं मर्यादा सोडली नाही. साठ जणांचं काम केलं आणि घराचीही शोभा ठेवली. आता मला काही नको.”

बावीस वर्षांत त्यांनी तिला असं कधी नावाजलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पतासीला बरं वाटलं. घुंघटात ती हसली. त्या हसण्याची लाज तिला पुढे जन्मभर पुरली.

तिसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन कचेरीत गेली. बाबूनं सुनावणीचं इतिवृत्त काढून पुढे ठेवलं. सदतीस नंबरपुढे लिहिलं होतं: ‘पुकारा केला. गैरहजर.’

“हे खोटं आहे!” पतासी ओरडली. “ते तिथंच बसले होते!”

“मग उठले का नाहीत?”

“नाव पुकारलंच नाही.”

“पुकारायचं कुणी होतं?”

कारकुनानं रकाना रिकामा राहू नये म्हणून भरला होता. आठ वर्षं ती असेच रकाने शोधून काढत आली होती. जिवंत माणसाला मेला म्हटलेलं, हजर असलेल्याला गैरहजर म्हटलेलं. असं प्रत्येक खोटं तिनं माईकवर वाचून दाखवलं होतं आणि लिहिणाऱ्याला घाम फोडला होता. या खोट्याचा शेंडा कारकुनाचा होता, बुडखा तिचा.

“दुरुस्ती होईल,” बाबू म्हणाला. “पण नाव न पुकारण्याचं कारण लेखी द्या.”

मास्तर म्हणाले, “जे खरं आहे ते लिही. लाजण्यासारखं त्यात काय?” पण तिनं लिहिलं: ‘नजरचूक’.

बाबूनं कागद वाचून शेजारच्या टेबलाकडे सरकवला. “बघा हो! आमच्या नजरचुका काढायला येतात तेव्हा भ्रष्टाचार असतो. यांची ती नुसती नजरचूक!” सगळी खोली हसली. त्या खोलीतून खाली मान घालून बाहेर पडायची पतासीची ही पहिलीच वेळ.

फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली. गैरहजराला नव्यानं अर्ज करावा लागतो, नव्या अर्जाला नवा फोटो लागतो, मंडळ महिन्यातून एकदा बसतं आणि त्या महिन्यात डॉक्टर रजेवर. साठ जणांना दाखले आले. गावात लोक पतासीला पेढे देऊन जायचे, ती ते तसेच बत्तोच्या, म्हणजे थोरल्या जावेच्या हातात ठेवायची. जेठजींना आता आडवं झोपता येत नव्हतं. रजईच्या गठ्ठ्याला टेकून ते रात्रंदिवस बसून असायचे आणि अजूनही, पतासी बाजरीच्या पातळ राबडीचा वाडगा घेऊन आली की, तोंड भिंतीकडे वळवायचे. ती वाडगा उंबऱ्याशी ठेवून मागे फिरायची. एकदा तिला वाटलं, घुंघट सारावा आणि सरळ पाय धरावेत, म्हणावं, माझं चुकलं. पण त्यांना त्या अवस्थेत तेही लाजिरवाणंच झालं असतं. ती तशीच माघारी आली.

होळीच्या आठ दिवस आधी जेठजी गेले. मंडळाची तारीख होळीनंतरची होती. दवाखान्यानं मृत्यूच्या कागदावर कारण लिहिलं: टीबी.

वैशाखात पतासी बत्तोला घेऊन पंचायत समितीत विधवा पेन्शनच्या खिडकीशी गेली. सगळे कागद तिनं आधीच जोडून ठेवले होते. खिडकीतल्या माणसानं ते चाळले आणि मान वर न करता विचारलं, “नवऱ्याचं नाव?”

“कागदावर आहे ना,” पतासी म्हणाली.

“कागद मला वाचता येतो. माणूस खरा आहे का, तेही बघावं लागतं. बाईला बोलू दे.”

बत्तोनं ओठ हलवले. आवाज फुटेना. तिनं पतासीचा हात धरला. मागे रांग चुळबुळायला लागली, कुणीतरी म्हणालं, “अगं आटपा!” रांगेत गावातलीच दहा-बारा माणसं होती, त्यांत चुलत सासरेही.

“रामखिलाडी,” पतासी म्हणाली.

“मोठ्यानं.”

“रामखिलाडी!”

माणसानं लिहिलं, शिक्का मारला, पावती फाडून दिली. रांगेत कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. चुलत सासरे तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले.

दोघी बाहेर येऊन झाडाखाली बसल्या. बत्तोनं पावतीची घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली. त्या सुनावणीबद्दल तिनं आजपर्यंत अवाक्षर काढलं नव्हतं. आता रागानं नव्हे, साधंच, माहिती विचारावी तसं तिनं विचारलं,

“पतासी, त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं का गं?”

“हो जीजी,” पतासी म्हणाली. “एवढंच.”