डायखाली गेलेला हात

नाथा बोराडे सायखेड्याचा. सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेसच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे जड साचे, बदलायचं काम तो अकरा वर्षं करत होता. एकेक डाय म्हणजे पाचशे किलो लोखंड. चेन पुलीने ती उचलून धरायची आणि खाली लाकडी ठोकळे सरकवायचे. तेवढ्यापुरता हात आत जायचाच.

"साहेब, चेन लय सटकतीय," असं त्याने सुपरवायझर दीपक गायधनींना दोनदा सांगितलं होतं.

"एवढी ऑर्डर निघू दे, मग बदलू."

एका मंगळवारी सकाळी चेन सटकली. डाय झटक्यात खाली आली आणि नाथाचा उजवा पंजा तिच्याखाली गेला.

शेजारच्या मशीनवरची सविता धावत आली. "भाऊ, ओढू नका! हात तसाच ठेवा!" तिने चेन खेचली, पण पुली जाम झाली होती. पहारी आणून डाय उचलेपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली. आधी हात नुसता बधिर होता, मग कळा सुरू झाल्या. दावणीला बांधल्यासारखा तो तिथेच ओणवा उभा होता. सविता त्याचं डोकं धरून बोलत राहिली.

नाशिकच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली.

तिसऱ्या दिवशी गायधनी टाइप केलेला कागद घेऊन आले. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं त्यात होतं. "सही कर. नोकरी राहील, हलकं काम देऊ."

"नका करू," बायको मीना म्हणाली. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण आपल्या पोरीची, आरोहीची शाळा हाय." उजव्या हाताला बँडेज होतं, म्हणून नाथाने डावा अंगठा उठवला.

आता तो तपासणीच्या टेबलावर बसतो. नवे कामगार आले की गायधनी त्याला पुढे बोलावतात, त्याचा पंजा सगळ्यांना दाखवतात. "बेसावध राहिलं की असं होतं." असल्या हाताला दुसरीकडे कोण कामावर घेणार? नाथा बोलावलं की उठून पुढे जातो.

गेल्या महिन्यात सविता मध्येच बोलली, "साहेब, चेन खराब होती, तेही सांगा की."

सगळे नाथाकडे बघू लागले. त्याने तोंड उघडलं. मग त्याला तो कागद आठवला.

"जपून काम करा," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सविताला पॅकिंगला पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत ती आता लांबच्या बाकावर बसते. नाथा डबा उघडतो, डाव्या हाताने भाकरी मोडतो आणि तिकडे बघायचं टाळतो.